विम्बल्डन (टेनिस नव्हे, फुटबॉल) : पळवून नेलेला क्लब आणि पुन्हा उभा केलेला क्लब

लोकल_सिग्नल

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

विम्बल्डन म्हटलं की आपल्याकडे हिरवळ, पांढरे कपडे आणि जुलैतली फायनल एवढंच डोळ्यापुढे येतं. मला ऑफिसने लंडनला पाठवलं तेव्हा टूटिंगला खोली मिळाली होती, खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे आणि ते शनिवारी दुपारी निळा-पिवळा मफलर गळ्यात टाकून बाहेर पडायचे. एकदा जिन्यात भेटले, कुठे निघालात विचारलं तर म्हणाले विम्बल्डनची मॅच आहे. मी म्हटलं नोव्हेंबरात टेनिस असतं? ते थांबले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले चल माझ्याबरोबर, बसमधे सांगतो. १३१ नंबरच्या बसमधे वरच्या मजल्यावर बसून मी त्या दिवशी जे ऐकलं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. नंतर तीन वर्षं जमेल तेव्हा त्यांच्याबरोबर जात राहिलो, मिळेल ते वाचत राहिलो. मोठं होणार आहे, तुकड्यातुकड्यात टाकतो.

सुरुवात १८८९ ला. सेंट्रल स्कूल नावाच्या शाळेतून बाहेर पडलेली पोरं क्लब काढतात, नाव विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स. खेळायला विम्बल्डन कॉमन, म्हणजे गावाचं सगळ्यांना मोकळं असलेलं रान, आणि कपडे बदलायला फॉक्स अँड ग्रेप्स नावाचा पब. १९१२ मधे प्लाव लेनवर स्वतःचं ग्राउंड मिळालं. प्लाव लेन हे नाव लक्षात ठेवा, सगळी गोष्ट फिरून त्या रस्त्यावर येते.

पहिली पंचाहत्तर वर्षं क्लब हौशीच होता. १९६३ ला हौशी क्लबांच्या अमॅच्युअर कपची फायनल वेम्बलीला जिंकली, सटन युनायटेडला ४-२, आणि चारही गोल एडी रेनॉल्ड्सने डोक्याने मारले. चारही हेडर! पुढच्या वर्षी क्लब प्रोफेशनल झाला तरी होता नॉन-लीगच. तेव्हा वरचे चार डिव्हिजन म्हणजे फुटबॉल लीग, ९२ क्लब, आणि त्यात शिरायला नुसतं जिंकून भागत नव्हतं, आतले क्लब मतदान करून कोणाला घ्यायचं ते ठरवायचे.

जानेवारी १९७५ मधे एफए कपात, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत, या नॉन-लीग विम्बल्डनने फर्स्ट डिव्हिजनच्या बर्नलीला बर्नलीच्याच ग्राउंडवर १-० हरवलं. पुढच्या फेरीत लीड्स, म्हणजे त्यावेळचे इंग्लंडचे चॅम्पियन, तेही त्यांच्या घरी. मॅच संपत आलेली, लीड्सला पेनल्टी, मारायला पीटर लोरिमर ज्याच्या किकची धास्ती अख्ख्या देशाला, आणि समोर डिकी गाय, आठवडाभर नोकरी करून शनिवारी गोलात उभा राहणारा माणूस. त्याने अडवली. ०-०. रिप्ले, म्हणजे बरोबरी झाली म्हणून परत खेळलेली मॅच, १-० ने हरले, तोही बॉल आपल्याच माणसाला लागून वळला म्हणून, पण तो रिप्ले बघायला ४५ हजार लोक आले होते. आजोबा त्या ४५ हजारांत होते आणि पेनल्टीचं सांगताना ते बसच्या सीटवरून अर्धे उठले होते.

१९७७ ला मतदानात वर्किंग्टनच्या जागी विम्बल्डनला लीगमधे घेतलं. आणि तिथून नऊ वर्षांत चौथ्या डिव्हिजनमधून पहिल्या डिव्हिजनमधे. पहिल्याच सीझनला सहावे आले.

मग १४ मे १९८८. एफए कप फायनल, समोर लिव्हरपूल, त्या वर्षीचे लीग चॅम्पियन. विम्बल्डनच्या टीमला सगळे क्रेझी गँग म्हणायचे, व्हिनी जोन्स, डेनिस वाईज, जॉन फाशानू अशी एकेक माणसं. ३७ व्या मिनिटाला वाईजची फ्री किक, लॉरी सांचेझचा हेडर, गोल. दुसऱ्या हाफला लिव्हरपूलला पेनल्टी, जॉन ऑल्ड्रिज मारणार, आणि कप्तान-गोलकीपर डेव्ह बेझंटने डावीकडे झेपावून ती अडवली. वेम्बलीच्या एफए कप फायनलमधे पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिली वेळ. १-०. अकरा वर्षांपूर्वी जो क्लब लीगमधेही नव्हता त्याच्या हातात एफए कप. युरोपात मात्र खेळायला मिळालं नाही, हायझेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर बंदी होती त्यात हेही गेले.

पुढचं उद्या.

हाफव्हॉली

मस्त सुरुवात. पण एक बाजू राहू नये म्हणून लिहितो, ही टीम फार सुंदर खेळायची म्हणून जिंकली असा कोणाचा समज होऊ नये. मागून लांब बॉल मारायचा, पुढे फाशानूने तो अंगावर घ्यायचा, आणि मधे जो येईल त्याला घासून काढायचं, असा खेळ. स्पर्सच्या गॅरी स्टीव्हन्सचा गुडघा व्हिनी जोन्सच्या टॅकलने गेला, १९९३ ला गॅरी मॅबटच्या गालाचं हाड आणि डोळ्याची खोबण फाशानूच्या कोपराने मोडली. त्या काळात त्यांची मॅच बघायला बाहेरचं पब्लिक फारसं उत्सुक नसायचं. हे मी क्लब लहान करायला लिहीत नाहीये, पण पुढे जेव्हा क्लबवर संकट आलं तेव्हा बाकीच्या देशाने पटकन हळहळ का नाही केली त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

लोकल_सिग्नल

पूर्ण मान्य. आजोबाही मॅबटचं नाव निघालं की गप्प व्हायचे. फक्त एवढंच म्हणेन की त्या क्लबकडे पैसा नव्हता, ग्राउंड बारकं, आणि ज्यांना बाकीच्यांनी नको म्हटलं अशी बरीच पोरं तिथे जमली होती. त्यातून जी एकजूट आली ती खरी होती, आणि जो धसमुसळेपणा आला तोही खरा होता.

पुढचा भाग.

१९८९ ला हिल्सबरो स्टेडियममधे चेंगराचेंगरी झाली, त्यात ९७ जीव गेले. त्यानंतर टेलर रिपोर्ट आला आणि वरच्या डिव्हिजनच्या ग्राउंडवर सगळ्यांना बसायला खुर्च्या पाहिजेत असं ठरलं. प्लाव लेन जुनं ग्राउंड, उभं राहून बघायची सोय जास्त. क्लबने सांगितलं हे सुधारणं परवडत नाही, आणि १९९१ ला क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेल्हर्स्ट पार्कवर पोटभाडेकरू म्हणून गेला. तात्पुरता.

ज्यांच्या घरी रिडेव्हलपमेंट झालंय त्यांना 'तात्पुरतं' म्हणजे काय ते मी सांगायला नको. बिल्डिंग पाडायची म्हणून ट्रान्झिट कॅम्पात गेलेली माणसं, मूळ जागेवर काहीच उभं राहत नाही, आणि एक दिवस कळतं की जागाच विकली. इथे अगदी तेच झालं. १९९८ ला प्लाव लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. मालक सॅम हम्माम मधे क्लब डब्लिनला न्यायच्या गोष्टी करत होता, म्हणजे दुसऱ्या देशात! नंतर नॉर्वेच्या मालकांनी क्लब घेतला. २००० साली सीझनच्या शेवटच्या दिवशी साउथॅम्प्टनला हरून टीम खाली गेली, चौदा वर्षांनी टॉप डिव्हिजन सुटलं. तारीख १४ मे. कप जिंकला त्याला बरोब्बर बारा वर्षं.

२००१ च्या ऑगस्टमधे क्लबने जाहीर केलं की आम्ही मिल्टन कीन्सला जाणार. मिल्टन कीन्स म्हणजे लंडनच्या वायव्येला ९० किलोमीटरवर १९६७ नंतर आखून वसवलेलं शहर, तिथल्या लोकांना मोठं स्टेडियम आणि लीगमधला क्लब हवा होता. लीगने आधी नाही म्हटलं. मग अपील, लवाद, आणि शेवटी तीन जणांचं स्वतंत्र कमिशन. २८ मे २००२ ला निकाल आला, दोन विरुद्ध एक, जायला परवानगी. फॅन सांगत होते की वाटल्यास क्लब बुडू दे, आम्ही खालून नव्याने सुरू करू पण विम्बल्डनातच राहू. त्यावर कमिशनच्या अहवालात असं लिहिलं गेलं की तसं करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

हे वाक्य आजही त्या क्लबच्या पोराटोरांना पाठ आहे.

कूपरेज_गेट

वाचतोय आणि आतून हललोय. मी मुंबईतला, महिंद्रा युनायटेडचा माणूस. १९६२ चा क्लब, आधी कंपनीच्या नावानेच खेळायचा. आम्ही कूपरेजला उभं राहून मॅचेस बघितल्या, ड्युरांड जिंकलेला बघितला, फेडरेशन कप बघितला, आणि २००५-०६ ला डेरिक परेरा कोच असताना नॅशनल लीग जिंकली तेव्हा मुंबईत पहिल्यांदाच ते विजेतेपद आलं. २०१० ला कंपनीने टीम बंद करायचं ठरवलं. बंद म्हणजे बंद. माझ्यासारखे लोक दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कामावर गेले.

मला एवढंच विचारायचंय की त्या विम्बल्डनच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी नक्की काय केलं? म्हणजे उठून सगळ्यात आधी काय करतात असं झाल्यावर? कारण आम्हाला सुचलंच नव्हतं की काही करता येतं.

लोकल_सिग्नल

काका, तुमचा प्रश्न वाचून मी आजोबांना फोनच केला, म्हणजे उगीच वाचीव माहिती द्यायला नको.

निकालानंतर दोनच दिवसांनी, ३० मे ला, विम्बल्डनच्या कम्युनिटी सेंटरमधे सभा भरली. खच्चून गर्दी, लोक बाहेर उभे. तिथे दोन मतं होती, कोर्टात लढत राहायचं की सोडून द्यायचं. तेव्हा क्रिस स्टुअर्ट नावाचा फॅन उभा राहिला आणि त्याने सांगितलं की लढून दमलोय आता, मला फक्त फुटबॉल बघायचंय. बस. त्यातून ठरलं की नवा क्लब काढायचा, नाव एएफसी विम्बल्डन, मालकी सभासदांच्या ट्रस्टची, एका माणसाला एक मत. आपल्याकडे मंडळाची वर्गणी काढतात तसे पैसे जमा झाले.

मग खेळाडू कुठून आणायचे? २९ जूनला विम्बल्डन कॉमनवर जाहीर चाचणी ठेवली, ज्याला खेळायचंय त्याने यावं. २३० च्या आसपास पोरं आली. १८८९ ला जिथे सुरुवात झाली त्याच रानात. १० जुलैला सटन युनायटेडबरोबर पहिली फ्रेंडली, ४-० ने हरले, आणि साडेचार हजारांहून जास्त लोक बघायला. काका, आजोबा म्हणाले की ०-४ झाल्यावरही लोक मैदानातून हलत नव्हते, ग्राउंडवर उतरून खेळाडूंना खांद्यावर घेतलं.

प्रवेश मिळाला कम्बाइन्ड काउंटीज लीगमधे, म्हणजे एकावर एक रचलेल्या इंग्लिश लीगांच्या पिरॅमिडच्या नवव्या पायरीवर. १७ ऑगस्ट २००२, पहिली लीग मॅच सँडहर्स्ट टाउनच्या ग्राउंडवर, जिथे एरवी काही डझन माणसं जमायची तिथे २४४९. जिंकले २-१. त्या पूर्ण सीझनला घरच्या मॅचला सरासरी तीन हजार लोक येत होते, आणि तिकडे खरा (कागदावरचा) विम्बल्डन क्लब, जो अजून सेल्हर्स्टलाच अडकला होता आणि दुसऱ्या पायरीवर खेळत होता, त्याला त्याहून कमी. म्हणजे माणसं कुठे गेली ते उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

घर नव्हतंच. किंग्स्टनला किंग्समेडो नावाचं ग्राउंड मिळालं, तिथे सगळं लोकांनी केलं. तिकीट फाडणारे, गेटवर उभे राहणारे, प्रोग्रॅम विकणारे, सगळे फॅनच. पुढे एरिक सॅम्युएलसन हे मोठ्या अकाउंटिंग फर्ममधून निवृत्त झालेले गृहस्थ क्लबचे चीफ एक्झिक्युटिव्ह झाले आणि पगार घ्यायचे वर्षाला एक गिनी, म्हणजे जेमतेम एक पौंड.

दुसऱ्या सीझनला ४६ पैकी ४२ जिंकल्या, ४ ड्रॉ, एकही हार नाही. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ सलग ७८ लीग मॅच न हरता, हा त्या देशातला विक्रम आहे. पण सगळं गोड नव्हतं, वर जाताना मधे दोन वर्षं प्लेऑफमधे, म्हणजे वरच्या पायरीच्या शेवटच्या जागेसाठी होणाऱ्या बाद मॅचेसमधे, अडकले, २००७ ला एका खेळाडूच्या नोंदणीतल्या चुकीमुळे १८ पॉइंट कापले (नंतर ओरड झाली आणि ते ३ वर आले). २००८ ला वर, २००९ ला वर.

आणि २१ मे २०११. मँचेस्टर सिटीच्या स्टेडियमवर कॉन्फरन्सची (फुटबॉल लीगच्या लगेच खालची पायरी) प्लेऑफ फायनल, समोर ल्यूटन. ०-०, जादा वेळेतही ०-०. पेनल्टी. गोलात सेब ब्राउन, लहानपणापासून याच क्लबचा फॅन असलेला पोरगा. त्याने दोन अडवल्या. शेवटची कप्तान डॅनी केडवेलने मारली आणि नऊ वर्षांत पाचवं प्रमोशन, क्लब फुटबॉल लीगमधे. क्लबचे मानद प्रेसिडेंट कोण, तर तोच डिकी गाय, १९७५ वाला.

शनिवारची_सुट्टी

अंगावर काटा आला. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही पण एक विचारते, मग ते पळवून नेलेलं जे होतं त्याचं काय झालं? ते अजून आहे?

हाफव्हॉली

आहे. २००३ च्या सप्टेंबरपासून मिल्टन कीन्सला खेळायला लागले, २००४ ला नाव बदलून एमके डॉन्स. 'डॉन्स' हे विम्बल्डनचं जुनं लाडाचं नाव, ते त्यांनी ठेवलंय, यावरून आजही भांडण आहे. एएफसीवाले २०१७ ला स्वतःच्या घरी मॅच झाली तेव्हा प्रोग्रॅमवर समोरच्या टीमचं नाव नुसतं 'एमके' छापत होते, त्यावरून लीगने त्यांच्यावर कारवाईही सुरू केली होती.

अबोली_एमके

नमस्कार. मी इथे क्वचित लिहिते, पण आज लिहावंसं वाटलं कारण आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. नवऱ्याची नोकरी, २०१६ पासून. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ती एमके डॉन्सची फॅन आहे. तिच्या शाळेत क्लबचे कोच येतात, शनिवारी सकाळी ती त्यांच्याकडे खेळायला जाते, आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांचा तोच क्लब आहे. डेले अली इथलाच, इथल्या ॲकॅडमीतून वर गेला. मँचेस्टर युनायटेडला ४-० हरवलं होतं ते तर इथे कालच झाल्यासारखं सांगतात.

एकदा बाहेरगावी मॅचला गेलो होतो तेव्हा एका मोठ्या माणसाने तिच्या जर्सीकडे बघून "फ्रँचायझी" असं ओरडून म्हटलं. ती मला विचारत राहिली की आई फ्रँचायझी म्हणजे काय, आपण काय केलंय. मला उत्तर देता आलं नाही. तुमचं सगळं वाचलं, डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगते. पण माझ्या पोरीने काय केलंय?

लोकल_सिग्नल

अबोलीताई, तिने काहीही केलेलं नाही. ज्याने लहान मुलीला तसं ऐकवलं त्याने चूक केली, त्याला विम्बल्डनबद्दल कितीही प्रेम असो.

माझं म्हणणं नीट सांगतो. मिल्टन कीन्ससारख्या अडीच-तीन लाखाच्या शहराला स्वतःचा क्लब हवा हे अगदी बरोबर. तो खालून वाढवता आला असता. स्थानिक टीम, नववी पायरी, आठवी पायरी, वेळ लागला असता, पण येता आलं असतं हे त्याच काळात एएफसीने करून दाखवलं. दुसऱ्या गावातून लीगमधली जागा उचलून आणायची (त्यालाच तिकडे चिडून फ्रँचायझी म्हणतात) परवानगी ज्यांनी मागितली आणि ज्यांनी दिली त्यांच्यावर माझा राग आहे, आणि तो राहणार. पण आज वीस वर्षांनी तिथे जी पोरं त्या क्लबवर जीव टाकतात त्यांचं प्रेम खोटं कसं म्हणणार? ते खरंच आहे.

आजोबांचं वेगळं आहे. डिसेंबर २०१२ ला दोन क्लबांची पहिल्यांदा गाठ पडली, एफए कपात, मिल्टन कीन्सला. बरेच फॅन गेले, बरेच मुद्दाम गेले नाहीत. आजोबा घरात रेडिओ बंद करून बसले होते. १-१ असताना अगदी शेवटी एमकेने मागच्या टाचेने गोल मारला, २-१. ते म्हणतात मला निकाल दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने सांगितला. २०१४ ला एएफसीने त्यांचा स्ट्रायकर अकिनफेनवाच्या गोलने पहिल्यांदा एमकेला त्यांच्याच घरी हरवलं, ३-२, तेव्हाही गेले नव्हते. आजही ते तिकडे पाऊल टाकायला तयार नाहीत, आणि त्यांना मी कधी समजावायला गेलो नाही.

मांडवीकाठ

मी फोंड्याचा. अबोलीताईंच्या लिहिण्यावर मला बोलावंसं वाटलं. आमच्याकडे २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो सगळे आय-लीगमधून बाहेर पडले, पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला धेंपोसुद्धा. फातोर्ड्याच्या स्टेडियमात नवी टीम आली, तिला पब्लिकही आलं, आणि आमच्या घरात बाबा जुन्यावर अडून आणि भाऊ नव्याचा, अशी जेवणाच्या ताटावर भांडणं झालेली आहेत. तेव्हा दोन्ही बाजूंचं दुखणं माहीत आहे.

पण एक मुद्दा धाग्यात आलेला नाही. किंग्समेडो हे ग्राउंड मुळात किंग्स्टोनियन क्लबचं घर. एएफसी विम्बल्डनने ते विकत घेतलं तेव्हा ते किंग्स्टोनियनच्या हातून आधीच गेलं होतं हे खरं, आणि पुढे कितीतरी वर्षं दोघे तिथे एकत्र खेळले हेही खरं. पण प्लाव लेनला परत जायला पैसे हवेत म्हणून एएफसीने किंग्समेडो चेल्सीला विकलं आणि २०१७ ला किंग्स्टोनियनला तिथून बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या ग्राउंडवर फिरतायत. घर गेलेल्या क्लबने दुसऱ्याचं घर जाऊ दिलं. यावर तुझं काय म्हणणं?

लोकल_सिग्नल

हे लिहिलंस ते बरं केलंस, मी टाळत होतो.

माझ्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. एएफसीचे बरेच सभासदही त्या वेळी अस्वस्थ होते, आजोबांनी तर सभेत हात वर करून विचारलं होतं की किंग्स्टोनियन कुठे जाणार. स्वतःच्या गावात परतायचं तर पैसा लागत होता आणि तो किंग्समेडो विकूनच येणार होता. मला ते कारण कळतं. पण कारण कळलं म्हणून किंग्स्टोनियनच्या माणसाचं दुखणं कमी होत नाही, आणि या क्लबवर प्रेम करताना ही गोष्ट बाजूला ठेवून प्रेम करू नये असं मला वाटतं.

आता प्लाव लेनचं सांगून टाकतो.

मी तिकडे असतानाच्या काळातल्या दोन गोष्टी आधी. जानेवारी २०१५, एफए कप, किंग्समेडोला लिव्हरपूल. तिकीट मिळणं शक्यच नव्हतं, आम्ही पबमधे बघितली. लिव्हरपूलच्या जेरार्डने गोल केला, मग अकिनफेनवाने, जो स्वतः लिव्हरपूलचा फॅन, बरोबरी केली आणि पबमधे कोण कोणाला मिठी मारतंय कळत नव्हतं. मग परत जेरार्ड. १-२. आणि मे २०१६ ला वेम्बलीवर प्लिमथला २-० हरवून लीग वनमधे, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, तिथे मात्र मी आजोबांच्या शेजारी होतो. दुसरा गोल अकिनफेनवाचा, जादा मिनिटांत, पेनल्टीवर. आजोबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं वळली होती.

जुन्या प्लाव लेनच्या जागेवर आता फ्लॅट आहेत. वसाहतीचं नाव रेनॉल्ड्स गेट, त्याच चार हेडरवाल्या एडी रेनॉल्ड्सवरून, आणि बिल्डिंगांना जुन्या खेळाडूंची, मॅनेजरांची नावं. तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर कुत्र्यांच्या शर्यतीचं जुनं स्टेडियम होतं, ती जागा क्लबने धरली. २०१५ च्या डिसेंबरमधे मर्टन काउन्सिलने एकमताने परवानगी दिली. बांधकाम सुरू झालं आणि पैसे कमी पडले. बाहेरचा मोठा गुंतवणूकदार आणायचा तर क्लबवरचा लोकांचा ताबा सैल होणार, म्हणून फॅननी २०२० मधे बाँड काढला, ज्याला जमेल त्याने क्लबला कर्जाऊ पैसे द्यायचे. ५० लाख पौंडांच्या वर जमले.

३ नोव्हेंबर २०२० ला डॉनकास्टरबरोबर पहिली मॅच झाली, २-२. एकोणतीस वर्षांनी क्लब घरी आला आणि कोविडमुळे स्टेडियम रिकामं. ज्या लोकांनी हे उभं केलं ते घरी टीव्हीपुढे. आजोबा त्या दिवशी संध्याकाळी रेनॉल्ड्स गेटपाशी जाऊन उभे राहिले होते, तिथून नव्या स्टेडियमचे दिवे दिसतात. पूर्ण भरलेल्या स्टेडियममधे स्वतःच्या खुर्चीवर बसायला त्यांना पुढचा सीझन उजाडावा लागला. अजूनही मॅचच्या दिवशी ते आधी त्या फ्लॅटपाशी जातात, थोडं थांबतात आणि मग चालत स्टेडियमला.

२०२२ ला टीम खाली गेली. मार्च २०२४ ला प्लाव लेनवर एमके डॉन्सला ९४ व्या मिनिटाला रोनन कर्टिसने गोल मारून हरवलं, १-०, तो व्हिडिओ आजोबांनी मला चार वेळा पाठवला. सप्टेंबर २०२४ ला तुफान पाऊस झाला, शेजारची वँडल नदी फुगली, पिचला मोठा खड्डा पडला आणि न्यूकॅसलबरोबरची घरची कप मॅच तिकडे न्यूकॅसललाच जाऊन खेळावी लागली. लोकांनी परत वर्गणी काढली. आणि त्याच सीझनच्या शेवटी, २६ मे २०२५, वेम्बली, वॉल्सॉलला १-०, गोल माइल्स हिप्पोलाइट, मॅनेजर जॉनी जॅक्सन, परत लीग वन.

कूपरेज_गेट

सगळं दोनदा वाचलं. आमच्या वेळचे पाचसहा जण अजून फोनवर असतात, त्यांना हा धागा पाठवलाय. जुने प्रोग्रॅम, तिकिटं, फोटो एकेकाच्या माळ्यावर पडलेत, ते एका जागी आणायचं आम्ही आज ठरवलं. टीम परत काढायचं आमचं वय नाही, पण तेवढं करतो.

लोकल_सिग्नल

काका, नक्की करा. स्कॅन करायला कोणी लागलं तर मी सुट्टीत मुंबईत येतोय, एक आख्खा रविवार देतो.

अबोली_एमके

काल रात्री मुलीला झोपताना ही गोष्ट सांगितली, डिकी गायपासून. फ्रँचायझी म्हणजे काय तेही सांगितलं, लपवलं नाही. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, आई, पण तो १९८८ चा कप त्यांनी जिंकला होता ना, तो त्यांना परत दिला का आपल्या लोकांनी?

मला माहीत नव्हतं. सकाळी सांगते म्हटलं.

लोकल_सिग्नल

दिला. २००७ च्या ऑगस्टमधे. एफए कपची प्रतिकृती आणि जुन्या क्लबच्या बाकीच्या वस्तू एमके डॉन्सने मर्टन काउन्सिलकडे सोपवल्या, म्हणजे विम्बल्डन ज्या भागात येतं तिथल्या काउन्सिलकडे, आणि १९८८ चा विजय आपला म्हणणं सोडून दिलं. एमके डॉन्स स्वतःचा इतिहास आता २००४ पासूनच मोजतात.

शाळेला निघायच्या आधी सांगा तिला.